बालीचा आगुंग कसा वाचावा : ज्वालामुखीचा इतिहास समजून घेण्यासाठी नवख्यांना मार्गदर्शन

बालीची तिकिटं निघतात, हॉटेल ठरतं आणि मग घरातलं कुणीतरी विचारतं, "तिकडे तो ज्वालामुखी आहे ना? तो फुटला तर?" लगेच मोबाइलवर शोधाशोध होते आणि "आगुंग, जागृत ज्वालामुखी, शेवटचा उद्रेक २०१९" एवढी एक ओळ हाती लागते. तेवढ्यावर घरातले निम्मे लोक घाबरतात, उरलेले म्हणतात, "झाली की इतकी वर्षं, आता कशाला काही होतंय!" एका तारखेवरून यातलं काहीच ठरवता येत नाही.

हा विषय माझ्या फार जवळचा आहे. नातेवाइकांना, ट्रेकच्या मित्रमंडळींना फोनवर हे बऱ्याचदा समजावून सांगितलं, म्हणून आता सगळं क्रमाने लिहून काढतोय. यासाठी भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही, एक निवांत संध्याकाळ आणि इंटरनेट पुरतं. उदाहरण मुद्दाम एकच घेतलं आहे. एक डोंगर नीट वाचता आला, की मेरापी, मायॉन किंवा फुजीही त्याच रीतीने वाचता येतो.

एक गोष्ट आधीच सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. इतिहासातून कळतं, की हा डोंगर काय काय करू शकतो. रोजच्या नोंदींतून कळतं, की तो सध्या काय करतोय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पुढची तारीख दोन्हींतून मिळत नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ झाली, की माणूस एक तर उगाच घाबरतो नाही तर उगाच निर्धास्त होतो.

पायरी १ : डोंगराची जात ओळखा

आपण महाराष्ट्रातली बहुतेक माणसं ज्वालामुखीच्या खडकावरच राहतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून पातळ लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून समोरच्या डोंगररांगा पाहिल्या, की आडव्या पायऱ्यांसारखे थर दिसतात ते हेच. त्यामुळे "ज्वालामुखी" म्हटलं की आपल्या मनात वाहत जाणारा लाव्हा येतो.

आगुंगची जात वेगळी आहे. तो तीन हजार मीटरांहून उंच, चढ्या उताराचा शंकू आहे आणि बालीतलं सर्वांत उंच ठिकाण आहे. एकदा लाव्हा, एकदा राख आणि दगडगोटे, पुन्हा लाव्हा असे थर साचत तो वाढला, म्हणून त्याला स्तरित ज्वालामुखी म्हणतात. शाळेच्या भूगोलात आपण "मिश्र शंकू" शिकलो तो हाच.

त्याच्या पोटातला शिलारस आपल्या दख्खनच्या लाव्ह्यापेक्षा घट्ट असतो, आणि सगळी मेख त्या घट्टपणात आहे. आमटी उकळते तेव्हा बुडबुडे सहज वर येतात आणि विरून जातात. पिठलं घट्ट व्हायला लागलं, की तेवढ्याच वाफेचे बुडबुडे फट् फट् फुटतात, शिंतोडे उडतात आणि हात भाजतो. शिलारसातल्या वाफेचं, कार्बन डायऑक्साइडचं आणि गंधकाच्या वायूंचं असंच होतं. वाट मिळाली तर ते निघून जातात, नाही मिळाली तर शिलारसाचा भुगा करत बाहेर पडतात. तो भुगा म्हणजेच राख.

हा शिलारस येतो कुठून? इंडो-ऑस्ट्रेलियन भूपट्ट इंडोनेशियाच्या खाली सरकतो आहे. खाली जाणाऱ्या खडकांतलं पाणी वरच्या तापलेल्या थरात शिरतं, त्यामुळे तो थर एरवीपेक्षा कमी तापमानाला वितळतो. सुमात्रा, जावा, बाली, लोंबोक अशी ज्वालामुखींची माळ तयार झाली ती यातून. उत्तरेकडे हीच माळ अंदमानापर्यंत येते. त्याकडे शेवटी वळू.

आणखी एक. शाळेतले "जागृत, निद्रिस्त, मृत" हे तीन कप्पे थोडा वेळ बाजूला ठेवा. १९६२ साली कुणी विचारलं असतं, तर आगुंग बिनदिक्कत "निद्रिस्त" कप्प्यात पडला असता. पुढच्याच वर्षी त्याने विसाव्या शतकातल्या मोठ्या उद्रेकांपैकी एक घडवला.

पायरी २ : उद्रेकांची यादी उघडा आणि तिच्यातल्या रिकाम्या जागा बघा

अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचा "ग्लोबल व्होल्कॅनिझम प्रोग्राम" जगभरच्या ज्वालामुखींच्या नोंदी ठेवतो. त्यांच्या संकेतस्थळावर आगुंगचं पान उघडा. प्रत्येक उद्रेकापुढे तो कधी सुरू झाला, कधी संपला, नोंद पक्की की शंकास्पद, पुरावा कशाचा आणि तीव्रता किती, हे दिलेलं असतं.

तीव्रतेसाठी "व्हीईआय" हा निर्देशांक वापरतात. तो ० ते ८ पर्यंत असतो आणि बाहेर फेकलेल्या राख-दगडांच्या घनफळावर मुख्यतः ठरतो. २ च्या पुढे प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा दहापट मोठा. आगुंगचा १९६३ चा उद्रेक ५ होता. बालीच्या पूर्वेला लोंबोक आणि त्यापलीकडे सुंबावा बेट आहे, तिथला तांबोरा १८१५ साली फुटला तो ७. या आकड्यात वाहून गेलेला लाव्हा मोजत नाहीत आणि माणसांचं नुकसानही मोजत नाहीत. त्यामुळे "फक्त २ होता" असं वाचून निश्चिंत होऊ नका. विवराच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला १ सुद्धा पुरतो.

आता तारखा बघा. १८०८, मग १८२१ आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह, मग १८४३ आणि मग एकदम १९६३. नवखा माणूस इथेच चुकतो. त्याला वाटतं, हा डोंगर दोनशे वर्षांत तीन-चारदाच जागा झाला. पण या डोंगराच्या लेखी नोंदी मुळातच तुटपुंज्या आहेत. संपूर्ण बालीवर डच अंमल बसला तोच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधी कुणी पाहिलं, कुणी लिहिलं आणि लिहिलेलं टिकलं का, यावर यादी अवलंबून आहे.

म्हणून लेखी नोंदींच्या जोडीला मातीतल्या नोंदी वाचाव्या लागतात. उतारावर खड्डा खणला, की राखेचे जुने थर दिसतात. दोन थरांमधल्या कोळशावरून वय काढता येतं. आगुंगच्या गेल्या सुमारे ५,००० वर्षांच्या थरांचा असा अभ्यास झाला आहे. त्यातून शतकाला सरासरी एक बऱ्यापैकी उद्रेक दिसतो आणि त्यांतले साधारण पाव हिश्शाचे १९६३ च्या तोडीचे किंवा त्याहून मोठे. यादीतल्या चार-पाच तारखांपेक्षा हे चित्र खूप निराळं आहे.

सरासरीचं वेळापत्रक मात्र करू नका. १८४३ ते १९६३ मध्ये १२० वर्षांचं अंतर आहे, १९६३ ते २०१७ मध्ये ५४ वर्षांचं.

पायरी ३ : १९६३ चा उद्रेक दिवसागणिक वाचा

मोठा उद्रेक म्हणजे एक तारीख, अशी आपली समजूत असते. १९६३ चा आगुंग ती समजूत मोडतो, म्हणून या पायरीवर जरा जास्त वेळ घालवा. कागदावर तारखा एकाखाली एक लिहून काढा.

१८ फेब्रुवारी : स्फोटांचे आवाज, विवरातून ढग.

२४ फेब्रुवारी : उत्तरेच्या उतारावरून लाव्हा वाहू लागतो. पुढच्या वीसेक दिवसांत तो सुमारे ७ किलोमीटर सरकतो. भागाकार केला तर तासाला सरासरी १५ मीटर होतात. लहान मूलही त्याच्यापुढे चालत जाईल.

इथे थांबा आणि त्या गावातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. तीन आठवडे डोंगर धुमसतो आहे, लाव्हा दिसतो आहे, पण तो गोगलगायीच्या चालीने येतो आहे. शेतं आहेत, गुरं आहेत. वाटणारच, की बघू, जवळ आला की निघू.

त्याच दिवसांत आगुंगच्या नैऋत्य उतारावरच्या बेसाकीह मंदिरात मोठा विधी चालू होता. हे बालीतल्या हिंदूंचं सर्वांत महत्त्वाचं मंदिर. विधीचं नाव "एक दस रुद्र". आपल्याकडे ज्यांच्या घरी रुद्राची एकादशणी झाली आहे, त्यांना हे नाव ऐकल्याबरोबर ओळखीचं वाटेल. हा एकादश रुद्रांचाच विधी, बालीच्या पंचांगाप्रमाणे शंभर वर्षांतून एकदा करायचा. मुख्य दिवस ८ मार्च होता. डोंगर धुमसत असताना हजारो माणसं त्याच्या अंगावर पूजेला जमली होती.

१७ मार्च : मुख्य स्फोट. राखेचा स्तंभ समतापमंडळापर्यंत, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरापर्यंत, चढला आणि उतारांवरून तप्त राख, दगड आणि वायूंचे लोंढे सुटले. शास्त्रज्ञ याला पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरांच्याही वर जाऊ शकतो आणि तापमान शेकडो अंश असतं. तासाला १५ मीटर सरकणारा लाव्हा पाहून ज्याने "जवळ आला की निघू" असं ठरवलं होतं, त्याला या लोंढ्याने दोन-चार मिनिटंही दिली नसतील.

१६ मे : दुसरा मोठा स्फोट, पुन्हा तसेच लोंढे, पुन्हा मृत्यू. म्हणजे मार्चच्या स्फोटानंतर "झालं एकदाचं" म्हणून परतलेल्यांवर दोन महिन्यांनी पुन्हा तीच वेळ आली. मधल्या काळात पावसाने उतारावरची राख नद्यांत ओढून नेली, तिचे चिखलाचे लोंढे झाले आणि त्यांनीही माणसं नेली. या चिखलाच्या लोंढ्याला जगभर "लाहार" म्हणतात. शब्द मूळचा जावाचा.

धुगधुग पुढे जानेवारी १९६४ पर्यंत चालली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या ठिकाणी ११०० पासून १६०० पर्यंत दिलेला सापडेल. असा फरक दिसला, की कोणता आकडा खोटा हे शोधत बसण्याआधी बघा, की त्यात लाहारचे मृत्यू धरलेत का आणि मे महिन्यातले धरलेत का.

बेसाकीहचं मुख्य मंदिर लोंढ्यांपासून थोडक्यात बचावलं. बालीत हे आजही श्रद्धेने सांगितलं जातं. तो विधी १९७९ मध्ये पुन्हा करण्यात आला.

या उद्रेकाचा एक धागा बालीच्या बाहेरही जातो. आगुंगने समतापमंडळात सोडलेल्या गंधकाच्या वायूचे बारीक थेंब झाले, त्यांनी सूर्यप्रकाश थोडा अडवला आणि पृथ्वीचं तापमान अंशाच्या काही दशांशांनी उतरलं. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये आपल्या हवामानाच्या गणिताची परीक्षा घेतली ती याच उद्रेकावर.

पायरी ४ : २०१७ ची तुलना करा, फरक कुठे आहे ते बघा

आता दुसरा कागद घ्या. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आगुंगच्या आसपास छोटे भूकंप वाढू लागले. सप्टेंबरमध्ये इशाऱ्याची पातळी (एक ते चार, चार सर्वांत धोक्याची) १४ तारखेला दोनवर, १८ ला तीनवर आणि २२ ला चारवर गेली. आठ दिवसांत तळापासून माथ्यापर्यंत. भूकंपांची संख्या दिवसाला शेकड्यांत गेली. गावं रिकामी झाली आणि विस्थापितांचा आकडा सुमारे १ लाख ४० हजारांवर पोचला. माणसं छावणीत आणि गुरं मागे, म्हणून शेतकरी दिवसा चारा घालायला धोक्याच्या भागात परत जायचे. शेवटी हजारो गुरंही हलवावी लागली. ज्याच्या घरी गोठा आहे, त्याला यातली घालमेल वेगळी सांगायला नको.

आणि स्फोट झालाच नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात भूकंप एकदम कमी झाले. २९ ऑक्टोबरला पातळी चारवरून तीनवर आणली गेली. लोक म्हणू लागले, उगाच हलवलं.

२१ नोव्हेंबरच्या संध्याकाळी आगुंग फुटला. भूकंप चरमसीमेवर असताना शांत राहिला आणि ते ओसरल्यावर जागा झाला. ही गोष्ट मनावर नीट कोरून घ्या. शिलारस खडक फोडत वर येतो तेव्हा भूकंप होतात. वाट एकदा मोकळी झाली, की फोडायला फारसं काही उरत नाही. म्हणून भूकंप थांबणं म्हणजे धोका टळणं, असं समीकरण कधीही मांडू नका.

२५ नोव्हेंबरपासून राखेचा जोर वाढला, रात्री विवरावर लाल उजेड दिसू लागला, २७ ला पातळी पुन्हा चारवर गेली. लाव्हा विवराच्या आतच साचला, साधारण तिसरा हिस्सा भरला आणि काठाबाहेर सांडला नाही. मग २ जुलै २०१८ ला मोठ्या आवाजाचा स्फोट होऊन तापलेले दगड सुमारे दोन किलोमीटरांपर्यंत उडाले आणि उतारावरच्या झाडीला आगी लागल्या. अधूनमधून असे झटके २०१९ च्या जूनपर्यंत चालू राहिले.

१९६३ च्या मानाने हे सगळं लहान होतं. म्हणून १ लाख ४० हजार माणसांना हलवणं चुकलं का? मला अजिबात तसं वाटत नाही. त्या सप्टेंबरमध्ये शास्त्रज्ञांपुढे एवढंच होतं : या डोंगराने एकदा हजाराहून जास्त जीव घेतलेत, आणि आता दिवसाला शेकडो धक्के बसताहेत. शिलारस वाटेत थांबेल की वर येईल, हे कुणालाच आधी कळत नाही. जावातल्या मेरापीवर २०१० मध्ये धोक्याचं वर्तुळ १० वरून १५ आणि मग २० किलोमीटर केलं गेलं. तिथे साडेतीनशेहून जास्त माणसं गेली, पण वेळेवर हलवल्यामुळे दहा ते वीस हजार जीव वाचले असा अंदाज आहे. तिथलं हलवणं योग्य होतं असं मानायचं, तर बालीतलंही योग्यच होतं.

नंतर उपग्रहांच्या मोजणीतून दिसलं, की २०१७ मध्ये आगुंगच्या उत्तरेकडची जमीन ८ ते १० सेंटीमीटर वर उचलली गेली होती आणि शिलारसाची एक उभी भिंत आगुंग आणि शेजारचा बातुर ज्वालामुखी यांच्या मधल्या भागात घुसली होती. १९६३ मध्ये आगुंगपाठोपाठ बातुरही फुटला होता. तेव्हा आगुंग वाचताना बातुरचं पानही उघडून ठेवा.

पायरी ५ : रोजचा अहवाल वाचायला शिका

इतिहास झाला, आता आज. इंडोनेशियात ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था "पीव्हीएमबीजी" आहे, मुख्यालय बांडुंगमध्ये. आगुंगवर नजर ठेवणारं निरीक्षण केंद्र दक्षिणेला रेंडांग गावी आहे. त्यांचे अहवाल "माग्मा इंडोनेशिया" या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा, धुराचे लोट दाखवणारा व्हिडिओ बहुधा दुसऱ्याच डोंगराचा किंवा दुसऱ्याच वर्षाचा असतो. आधी अहवाल उघडा.

पातळ्या चार : नॉर्माल, वास्पादा, सिआगा, आवास. पहिली म्हणजे नेहमीची स्थिती, दुसरी म्हणजे लक्ष ठेवा, तिसरी म्हणजे तयारीत राहा, चौथी म्हणजे धोका. पण पातळीपेक्षा तिच्याखालचं वाक्य जास्त महत्त्वाचं, विवरापासून किती किलोमीटरांच्या आत जायचं नाही ते. पातळी दोन असली तरी वर्तुळ असू शकतं. तुम्ही कुठे जाणार आहात आणि ते वर्तुळाच्या आत आहे का, एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

मजकूर इंडोनेशियन भाषेत असतो, पण तेच तेच शब्द परत येतात. "आसाप कावाह" म्हणजे विवरातला धूर. त्यापुढे "निहिल" असेल तर धूर दिसलेला नाही. "तिपिस" म्हणजे विरळ, "तेबाल" म्हणजे दाट. रंग पांढरा असेल तर ती मुख्यतः वाफ. राखाडी झाला, की त्यात राख आली. भूकंपांच्या यादीत "व्हल्कानिक दालाम" म्हणजे डोंगराखाली खोलवरचे धक्के, "व्हल्कानिक दांगकाल" म्हणजे उथळ, "हेम्बुसान" म्हणजे वायूचा फुत्कार, "लेतुसान" म्हणजे उद्रेक. "तेक्तोनिक जाउह" हे दूरचे भूकंप, त्यांचा आगुंगशी संबंध नसतो. नवखे लोक सगळ्या आकड्यांची बेरीज करून घाबरतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

समजा अहवालात लिहिलंय : दूरचे भूकंप ६, खोलवरचे २, धूर पांढरा आणि विरळ. हा शांत दिवस. पण खोलवरचे धक्के आज २, उद्या ९, परवा ३०, त्यानंतर उथळ धक्के सुरू, असा क्रम दिसला तर कान टवकारायचे. एका दिवसाचा आकडा बघू नका, निदान पंधरा दिवसांची चढउतार बघा.

वेळ बघताना बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं हे लक्षात ठेवा. काही अहवालांत जागतिक वेळ असते. ती बालीपेक्षा आठ तास मागे.

पायरी ६ : नकाशावर स्वतःला शोधा

धोक्याचे तीन पट्टे नकाशावर दाखवलेले असतात आणि तिसऱ्या क्रमांकाचा पट्टा सर्वांत धोकादायक. आपल्याला "पहिला नंबर" म्हणजे सर्वांत महत्त्वाचा असं वाटायची सवय आहे, तेव्हा गल्लत करू नका.

बालीत पर्यटक राहतात ती ठिकाणं घ्या. सरळ रेषेत मोजलं तर विवरापासून आमेद साधारण १५ किलोमीटर, उबुद ३० च्या थोडं पुढे, कुटा ५५ च्या आसपास. म्हणजे कुटाला राहणाऱ्याला लोंढ्यांची भीती नाही, त्याचा प्रश्न राख आणि विमान एवढाच. आगुंग चढायला बेसाकीहकडून किंवा पासार आगुंग मंदिराकडून जाणाऱ्याचा प्रश्न पूर्ण वेगळा. चढाई करायची असेल तर स्थानिक वाटाड्या घ्याच आणि देवस्थानाच्या उत्सवात वाट बंद असेल तर ती बंदी मनापासून पाळा.

वर्तुळ झालं, की नद्या बघा. लाहार वर्तुळ ओळखत नाही, तो नदीच्या पात्रातून खाली जातो. पावसाच्या दिवसांत कोरड्या पात्रातून गाडी घालू नका, तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असलं तरी डोंगरावर काय चाललंय ते खालून दिसत नाही.

पायरी ७ : राख, वारा आणि विमान

२४ जून १९८२ च्या रात्री ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ लंडनहून मुंबई आणि क्वालालंपूरमार्गे पर्थकडे चाललं होतं. जावाजवळ ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. राख म्हणजे काचेचा आणि खडकाचा चुरा. इंजिनाच्या उष्णतेत तो वितळतो आणि आत जाऊन चिकटतो. विमान तरंगत बरंच खाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. जकार्तात उतरताना समोरची काच घासून घासून इतकी धुरकट झाली होती, की वैमानिकांना धावपट्टी धड दिसत नव्हती. विमानातले सगळे २६३ जण वाचले.

म्हणून आज राखेचा ढग दिसला, की विमानं थांबवतात. इंडोनेशियासाठी हे इशारे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनच्या केंद्रातून निघतात. विमानांसाठी वेगळी रंगांची पट्टी असते : हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. तिची जमिनीवरच्या चार पातळ्यांशी गल्लत करू नका.

विमानतळ बंद होणं उद्रेकाइतकंच वाऱ्यावर अवलंबून असतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आधी पूर्वेचा लोंबोक विमानतळ बंद झाला. मग जावाच्या दक्षिणेला "चम्पाका" चक्रीवादळ आलं, वारं फिरलं आणि २७ ते २९ नोव्हेंबर बालीचा विमानतळ बंद राहिला. म्हणून उद्रेकाची बातमी आली, की पुढचा प्रश्न "वारा कुठला?" हाच विचारा. प्रवासविमा आधीच काढून ठेवा, कारण धोका जाहीर झाल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या घटनेची भरपाई बहुतेक वेळा मिळत नाही.

पायरी ८ : बॅगेत काय

चांगले एन-९५ मास्क, घट्ट बसणारा चष्मा, टॉर्च, दोन दिवसांची औषधं जास्तीची. राख पडत असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स काढा. गाडीच्या काचेवरची राख कोरड्या वायपरने पुसू नका, काचेवर ओरखडे येतात. राख भिजली की फार जड होते, म्हणून तिने लादलेल्या पत्र्याखाली थांबू नका.

सरावासाठी एक डोंगर

हे सगळं स्वतः करून बघायचं असेल तर बॅरन बेट घ्या, अंदमानातला आपला ज्वालामुखी, त्याच माळेतला. यादीत १७८७ पासून नोंदी दिसतील, मग एकोणिसाव्या शतकात त्या थांबतात आणि १९९१ मध्ये पुन्हा सुरू होतात. आता पायरी २ आठवा. बेटावर माणसं राहत नाहीत, मग १७८७ च्या आधी आणि मधल्या काळात काही घडलं असेल तर ते पाहिलं कुणी?

२३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ अभय मुधोळकर यांच्या नेतृत्वाखाली "सिंधू संकल्प" जहाजावरून बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते. दुपारी अचानक राख उडू लागली. जहाज मैलभर मागे घेऊन ते पाहत राहिले. पाच-दहा मिनिटांचे झटके येत होते. दिवसा नुसते राखेचे ढग दिसत, सूर्य मावळल्यावर त्याच जागी लाल लाव्ह्याची कारंजी आणि उतारावरून ओघळणारा लाव्हा दिसला. त्या दिवसाची जहाजावरून डोळ्यांनी पाहिलेली नोंद आपल्याकडे आहे, कारण त्या दुपारी ते जहाज तिथे होतं.